शेवटचं पान वेगळ्या पाकिटात

नांदेड,
दि. ४ ऑगस्ट २०२४

चि. जिक्रा बेटीस, मामूकडून दुआ व अ. उ. आ.

गौसियाचा गुडघा कसा आहे? जिना चढताना ती अजून कुरकुर करते का, ते आधी कळव. करत असेल तर काळजी नाही. माझी बहीण गप्प झाली की समजावं, दुखणं वाढलं. तुझ्या मैत्रिणीचा, आरतीचा, खोकला हटला का? किल्लारीला घरी जाऊन आईच्या हातचा काढा पिऊन आली तर हटेल, लातूरच्या गोळ्यांनी नाही. आणि तू? अभ्यासिकेत राखणीला बसून डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना जागं ठेवायचं आणि घरी येऊन गोष्टीपायी स्वतः जागायचं, असं चाललंय म्हणे. डोळ्यांखाली काळं दिसतंय, असा गौसियाचा फोन होता. इकडे तुझी मुमानी सबिहा ठणठणीत आहे, बीपीची गोळी सोडून सगळं वेळेवर खाते. दुकानात शिवप्पाची पाठ धरली होती. कापूस पिंजायच्या मशीनपासून दोन दिवस लांब राहिला आणि आपोआप सुटली. मला काय धाड भरलीय!

फोन आहे, पण फोनवर माझं नुसतं 'हाव, हाव' म्हणणं होतं आणि बोलायचं ते पोटातच राहतं. कागदावर जीभ मोकळी होते. म्हणून हा कागद.

तुझं टपाल पोचलं. जाड पाकिटात गोष्ट, बारक्या पाकिटात शेवटचं पान, वर तुझ्या अक्षरात 'आधी तुम्ही सांगा, मग उघडा'. वाचून बरं वाटलं गं. पोर विज्ञानाच्या गोष्टी लिहायला लागली, पण दुकानाची रीत विसरली नाही. तुला ठाऊक आहे, ही रीत काही कुणी हौसेने घातली नव्हती. मी वाचायला शिकलो ते रद्दीतल्या मासिकांवर, आणि किराणावाले पुड्या बांधायला पानं मागून फाडतात. गोष्ट ऐन रंगात यायची आणि पुढे नुसता पुठ्ठा. मग गाद्या भरता भरता ज्याने त्याने आपला शेवट सांगायचा. पुढे चांगली आख्खी पुस्तकं मिळाली तरी आम्हाला शेवटचं पान बाजूला काढून ठेवल्याशिवाय चव लागेना. तू सुट्टीत यायचीस, कापसात लोळायचीस आणि सगळ्यांत अतरंगी शेवट तुझा असायचा.

काल दुपारी वाचन झालं. चंद्रावर वस्ती झालीय, पण तिथे माणसाचं वजन घटतं म्हणून कुणाला झोपच लागत नाही. अंग अंथरुणाला टेकतच नाही म्हणे! मग देगलूरकडच्या म्हाताऱ्या पार्वतम्माला वाकळ शिवायला वर नेतात, ती प्रत्येकाकडून पृथ्वीवरून आणलेला एकेक जुना कपडा मागून घेते. का, तर अंगावर वापरलेल्या कपड्याचंच वजन तिथे टिकतं. वा! ते वाचताना शिवप्पाने मशीन बंद केलं. आणि तू आम्हाला आणून सोडलंस कुठे, तर वाकळीचा एक कोपरा कमी पडलाय, परतीचं यान बाहेर उभं आहे, म्हातारी हातात सुई घेऊन स्वतःच्या पदराकडे बघतेय. आणि पान संपलं.

शिवप्पा म्हणतो, ती पदर फाडणार, ठिगळ लावणार आणि तशीच यानात बसणार, हाय काय आन् न्हाई काय. मी म्हणतो, कोपरा उघडाच ठेवून जाईल, म्हणजे परत बोलावणं येईल. कारागीर माणसाचं डोकं असंच चालतं. तुझी मुमानी काहीच सांगायला तयार नाही. तिचं म्हणणं, म्हातारी आल्यापासून जेवल्याचं पोरीने कुठे लिहिलंच नाही, उपाशी बाई काय करेल याचा नेम नाही. तिचा शेवट येईपर्यंत पाकीट उघडायचं नाही. तेव्हा ते घड्याळामागे ठेवलंय.

ती दुसरी प्रत दिवाळी अंकवाल्यांकडे गेली का? सांभाळून राहा, अंगावर दुखणं काढू नकोस.

तुझा मामू,
निजामोद्दीन


लातूर,
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. मामूंना जिक्राचा सलाम व शि. सा. न. वि. वि.

अम्मी कुरकुर करते आहे, म्हणजे तुमच्या हिशेबाने बरी आहे. आरतीचा खोकला गेला. काढा किल्लारीहून बाटलीत भरून आला होता, अर्धा मलाही पाजला. त्यामुळे मी खोकला नसताना बरी झाले.

मामू, बसला आहात ना? गोष्ट घेतली!

'उद्याचे अंगण'च्या संपादक मनिषाताईंचं सोलापूरहून पत्र आलं. दिवाळी अंकात छापणार आहेत. पाच ठिकाणांहून गोष्टी परत आल्या तेव्हा मी तुम्हाला कळवलं नव्हतं. एकांनी तर विचारलं होतं की मराठवाड्यातल्या मुलीने चंद्रावर कशाला जायचं, आसपासचं लिहावं. मी पार्वतम्मालाच पाठवलं, आसपासची म्हणून. पत्र वाचलं तेव्हा अभ्यासिकेत होते, ओरडता येईना. बाहेर जिन्यात जाऊन ओरडले. चहावाल्याला वाटलं, कुणाचा निकाल लागला.

त्यांनी लिहिलंय ते तुमच्यासाठी उतरवते. लिहितात की, 'सुई हातात घेऊन पदराकडे बघणाऱ्या म्हातारीवर थांबण्याचं धाडस नवी लेखिका सहसा करत नाही.' मला ते नीटसं कळलं नाही. ती तिथे थांबते खरी, पण पुढच्या पानावर चालू लागते. असो, कौतुकाची कुणी उलटतपासणी करतं का? मी चार वेळा वाचून उशीखाली ठेवलं.

मुमानीला सांगा, पार्वतम्मा जेवते. मी लिहायचं विसरले. आता तरी शेवट सांगा म्हणावं.

लोभ आहेच, तो कापसासारखा पिंजून दुप्पट करावा.

तुमची भाची,
जिक्रा


नांदेड,
दि. १७ ऑगस्ट २०२४

चि. जिक्रास, दुआ व अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं आणि शिवप्पाने न सांगता शेजारच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा आणला. शिवप्पाने! इतक्या वर्षांत मी असा प्रकार पाहिला नव्हता. मुमानीने गल्लीत ज्याला त्याला सांगितलंय. निम्म्यांना वाटतंय तूच चंद्रावर चाललीस.

मुमानीनेही शेवट सांगितला एकदाचा. म्हातारी पदर फाडणार नाही, यानवाल्याचीच टोपी काढून घेईल, फुकट बसून राहिलेल्याने काहीतरी द्यावं. मग पाकीट फोडलं.

जिक्रा, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी पदराचा तुकडा लावते, वाकळ अंथरते, एकेक जण आत शिरतो, ती स्वतः जरा आडवी होते, आणि यान चालवणाराच कोपऱ्यात घुसून घोरत असतो! आणि ते शेवटचं वाक्य, चंद्रावर पहाट व्हायला अजून चौदा दिवस होते. आमच्या सगळ्यांचे शेवट त्याने मातीत मिळवले. शिवप्पाने आधी विश्वास ठेवला नाही, रात्र एवढी कशी असेल म्हणून. मग मोबाईलवर स्वतः बघून खात्री केली.

एक कसर सांगतो. मुमानीचा राग अजून गेला नाही. आपल्याकडे वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून मग टाके बंद करतात, वाकळीने उपाशी राहू नये म्हणून. देगलूरची बाई हे कशी विसरली, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, छापायला गेलं, आता भांडून काय उपयोग.

आणि हो, बारक्या पाकिटात शेवटचं पान दोनदा निघालं. एक माझ्यासाठी, एक मुमानीसाठी पाठवलंस ना? आमच्यात ओढाताण नको म्हणून? शहाणी माझी पोर. मुमानीने तिचं पान डब्यात जपून ठेवलंय.

पुढचं काय लिहितेस ते कळव.

तुझा मामू,
निजामोद्दीन


लातूर,
दि. २१ ऑगस्ट २०२४

ती. मामूंना सलाम व सा. न.

मामू, ते दुसरं पान मुमानीचं नाही. मनिषाताईंचं आहे.

तुमचं पत्र वाचलं आणि मनिषाताईंचं उशीखालून काढून पुन्हा वाचलं. आठवतंय आता. आरतीने दोन प्रती छापून आणल्या. मी जमिनीवर बसून दोन पाकिटं भरत होते, एक तुमचं, एक सोलापूरचं. दोन्ही प्रतींचं शेवटचं पान मी काढलं. हातानेच काढलं, मी विचारही केला नाही! लहानपणापासून गोष्ट पाठवायची म्हणजे शेवटचं पान वेगळं, आणि बारकं पाकीट एकच आणलेलं. दोन्ही त्यात गेली. दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलीच्या हातून हे झालं असतं का?

म्हणजे त्यांनी वाखाणलं ते माझं धाडस नव्हतंच. त्यांच्यापर्यंत गोष्ट पुरी पोचलीच नाही.

आरती म्हणते, तोंडावर बोट ठेव. बाईंना आवडलीय, छापताहेत, तूही म्हण की असाच शेवट होता. मोठे लेखक असंच अर्ध्यात सोडतात, वर त्यांना बक्षिसं मिळतात. खरं सांगितलं आणि त्यांचं मन फिरलं तर? सहावी गोष्ट परत येईल, मामू. मग मला नाही वाटत मी सातवी लिहीन. अम्मी बोलत नाही, पण बी.एड.चा अर्ज आणून टेबलावर ठेवलाय.

काल रात्री मीही बिनशेवटाची गोष्ट वाचून बघितली. वाईट नाही. तेच तर अवघड आहे. वाईट असती तर लगेच फोन केला असता.

तुम्ही सांगा ते करते.

जिक्रा


नांदेड,
दि. २४ ऑगस्ट २०२४

चि. जिक्रास, दुआ, दुआ आणि दुआ.

आधी पाणी पी. प्यायलीस? आता वाच.

पत्र आलं तेव्हा दुकानात कुणी नव्हतं, आणि या वेळी मोठ्याने वाचलं नाही. मुमानीला सांगितलं तेवढंच. तिने डब्यातून तिचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली की हे सोलापूरला धाडून द्या. तिचं काम झालं, ती स्वयंपाकाला गेली. मला काही इतकं सोपं वाटलं नाही.

तू म्हणतेस, सांगाल ते करते. हे काही मी मान्य करत नाही. गोष्टीतल्या म्हातारीला तरी तू कुणाच्या सांगण्यावरून वागू दिलंस का? मी फक्त दुकानातलं सांगतो. गादी अर्धी भरून झाली की बघणाऱ्याला फार छान दिसते, फुगीर, लुसलुशीत. पुष्कळ जण हाताने दाबून म्हणतात, बास, अशीच द्या. मी म्हणतो, अजून टाके घालायचेत. टाके घातले की ती जरा बसते, तेवढी देखणी राहत नाही. मग एखादं गिऱ्हाईक म्हणतं, मला टाके नकोच. त्याची मर्जी. पण टाके घालायचे राहिलेत हे त्याला सांगायचं काम माझं. आणि त्याने नको म्हटलं तर माझी गादी त्याला द्यायची का नाही, हेही मीच ठरवायचं.

मनिषाताईंना बिनशेवटाची आवडली, तर आवडू दे की. आमचा तर जन्म गेला बिनशेवटाच्या गोष्टींवर. पण शेवट आहे हे कळून त्यांनी नको म्हणावं. आणि तुला काय हवंय, ते मला तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही. बाईंना काय आवडलं ते आहे, आरती काय म्हणते ते आहे, गौसियाने टेबलावर काय ठेवलं ते आहे. ते यानवाल्याचं घोरणं लिहिताना तुला कसं वाटलं होतं, तेवढं आठव. उत्तर तिथेच असेल.

आणि सातव्या गोष्टीचं म्हणशील, तर मला ठाऊक आहे तू लिहिशील. नाही छापली तर आम्ही इथे आहोतच ऐकायला. शिवप्पा आता चहासुद्धा पाजतो.

गौसियाला म्हण, अर्ज टेबलावर राहू दे, कुठे जात नाही. तिच्यावर चिडू नकोस, ती आई आहे.

पान सोबत धाडतोय. मुमानीने घडी घालताना त्याला हळदीचं बोट लावलंय, रागावू नकोस.

तुझा मामू,
निजामोद्दीन


लातूर,
दि. १५ सप्टेंबर २०२४

ती. मामूंना सलाम व शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. लिहायला काही नव्हतं, नुसती वाट बघणं होतं. आज आहे.

तुम्ही विचारलंत ते आठवून पाहिलं. घोरण्याचं वाक्य लिहिलं तेव्हा मी अभ्यासिकेत एकटीच खळखळून हसले होते, आणि समोरच्या पोराने मलाच, म्हणजे राखणदारालाच, गप्प बसायची खूण केली होती. मग ठरवलं. त्याच दिवशी मनिषाताईंना सगळं लिहिलं. गादीचं दुकान, रद्दीतली मासिकं, किराणावाले, बारकं पाकीट, सगळं. शेवटचं पानही जोडलं. पण हळदीचं नव्हे, नवं. मुमानीला सांगा, त्यात पार्वतम्मा येताना कनवटीला बांधून आणलेला भाकरीचा वाळका तुकडा कोपऱ्यात घालते आणि मगच टाके बंद करते. चूक झाली म्हणून तर ते घालायची संधी मिळाली. आणि मला वाटतं, भाकरी आत गेल्यावरच ती सगळी माणसं झोपतात. आधी मला ते कळलं नव्हतं.

मग काहीच नाही. बाईंचं उत्तर नाही. आरती रोज माझ्याकडे अशी बघायची जशी मी घर पेटवून आलेय.

काल त्यांचा फोन आला. आधी बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या की त्यांना अजूनही सुई आणि पदरावर थांबलेलीच जास्त आवडते. मी म्हटलं, मला घोरणारा यानवाला हवा. कुठून आलं मामू एवढं बळ, कोण जाणे. त्या म्हणाल्या, बिनशेवटाची छापू दे, पुढच्या वर्षीही तुझी गोष्ट घेईन. मी म्हटलं, मग ही परत द्या. आरतीने कपाळावर हात मारला, तो फोनमध्येसुद्धा ऐकू गेला असेल.  मग बाईंनी विचारलं, मामूंच्या दुकानात शेवटचं पान वाचण्याआधी नेमकं काय करतात? मी सांगितलं.

ठरलं असं की गोष्ट अंकाच्या मधोमध, सुई आणि पदरावर थांबलेली. खाली एक ओळ, 'आधी तुमचा शेवट घरात सांगा.' आणि शेवटचं पान अंकाच्या अगदी शेवटी, राशिभविष्याच्याही मागे!

अम्मीने अर्ज उचलून कपाटात ठेवला. फाडला नाही, कपाटात ठेवला. तेवढंही पुष्कळ आहे.

मुमानीला एक सलाम जास्त.

तुमची भाची,
जिक्रा


नांदेड,
दि. ७ नोव्हेंबर २०२४

चि. जिक्रास, मामूकडून दुआ व अ. उ. आ.

गौसियाचा गुडघा, आरतीचा घसा, तुझे डोळे, सगळं नीट आहे असं धरून चालतो, कारण आज मला दम निघत नाही.

अंक आला. तुझं नाव मी बोटाने चाचपून पाहिलं. छापलेलं नाव हाताला लागत नाही हे मला कळतं, तरी पाहिलं. आम्हाला तर शेवट ठाऊक, मग वाचनात मजा ती काय, असं शिवप्पा म्हणाला. पण वाचलंच.

तेवढ्यात उमरीच्या एक गुणाबाई जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घ्यायला आलेल्या, त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि ऐकत राहिल्या. सुई आणि पदरापाशी मी थांबलो, रीतीप्रमाणे त्यांना विचारलं. बाई म्हणाल्या, घाई कशाला करता, मला विचार करू द्या. एवढ्यात त्यांच्या बसची वेळ झाली. मी म्हटलं, शेवट ऐकून तरी जा. तर कानांवर हात ठेवून निघाल्या. गादी न्यायला येईन तेव्हा सांगीन म्हणाल्या, तोवर कुणी काही बोलायचं नाही.

परवा आल्या. गादीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी शेवट सांगितला. म्हातारी पदर लावेल, पण यान निघून जाईल, आणि तिला तिथेच करमेल. घरी सुना हायेत की बघायला, म्हणाल्या. बसमध्ये त्यांनी शेजारणीलाही गोष्ट सांगितली होती आणि शेजारीण उतरेपर्यंत भांडत होती. मग मी शेवटचं पान वाचलं. भाकरीच्या तुकड्यापाशी त्यांनी मान हलवली, आमच्या सबिहानेही हलवली, जशी काय दोघींनी मिळून घातली. यानवाला घोरायला लागला तशा बाई तोंडाला पदर लावून हसल्या. 

आणि जाता जाता, गादी टेंपोत चढवून झाल्यावर, परत उंबऱ्याशी आल्या आणि म्हणाल्या की लिहिणाऱ्या पोरीला विचारा, चौदा दिवस झोपून उठल्यावर एवढ्या माणसांना भूक लागली असेल, तिथे चूल कुणी पेटवली?

  मुमानी तेव्हापासून आमच्याकडे अशी बघतेय की जणू चूल आम्हीच विझवली.

तेव्हा बेटा, जेवून घे, जरा झोप आणि मग लिहायला बस. उमरीची बाई पुन्हा उशा घेऊन येणार आहे आणि तिला सांगायला माझ्यापाशी काहीतरी हवं. शेवटचं पान वेगळ्या पाकिटात घालायला विसरू नकोस. फक्त या खेपेस बारकी पाकिटं दोन आण. आणि या पत्राचं उत्तर, गोष्ट व्हायची वाट न बघता, लगेच धाड.

तुझा मामू,
निजामोद्दीन